बाटली महागली, बिल कोणाच्या नावावर?

मद्यावरचा कर वाढला की बारमालक, पिणारे, नीतिवादी आणि राजकारणी सगळेच बोलू लागतात. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रातही तेच झाले. या गलबल्यात, जिच्या डाळीच्या डब्यातून ही वाढ अखेर वसूल होते त्या घरच्या बाईचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

दारू स्वस्त झाली पाहिजे, असे चारचौघांत कोणी म्हणत नाही. आणि ती महागली की गप्पही कोणी राहत नाही. इतर करवाढीवर माणूस सरळ चिडतो. साखर महागली, एस.टी.चे भाडे वाढले की मोर्चे निघतात आणि त्यांची मागणी स्पष्ट असते. दारूच्या बाबतीत मात्र प्रतिक्रिया सोवळे नेसून येते. ज्याला वाढ झोंबते तो कामगारांच्या रोजगाराची, तस्करीची किंवा विषारी दारूची काळजी व्यक्त करतो. ज्याला तिजोरी भरायची असते तो लोकांच्या आरोग्याविषयी बोलतो. म्हणून या विषयात कोण काय बोलले याच्याबरोबरच कोण का बोलले, हेही तपासून पाहावे लागते.

साडेचारपटीची गोष्ट

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला. भारतात बनणारे जे विदेशी मद्य आहे, म्हणजे सर्वसामान्य माणसाची रम, व्हिस्की, ब्रँडी, त्यातील लिटरला २६० रुपयांपर्यंत उत्पादनमूल्य असलेल्या मद्यावर पूर्वी त्या मूल्याच्या तिप्पट शुल्क होते. ते साडेचारपट झाले. देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. धान्यापासून राज्यातच बनणाऱ्या मद्याचा 'महाराष्ट्र मेड लिकर' असा एक नवा वर्गही निर्माण करण्यात आला. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे ज्याला सगळे क्वार्टर म्हणतात तिची, किमान किंमत ठरली ती अशी : देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड १४८ रुपये, विदेशी २०५ रुपये आणि उंची विदेशी ३६० रुपये. बिअर आणि वाइन यांना हात लावण्यात आला नाही. या सगळ्यातून तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा अंदाजही जाहीर झाला.

प्रतिक्रिया उमटायला चोवीस तासही लागले नाहीत. शेअर बाजारात मद्यकंपन्यांचे समभाग घसरले. १४ जुलैला 'आहार' या हॉटेलमालकांच्या संघटनेच्या हाकेला प्रतिसाद देऊन राज्यभरातील परमिट रूम आणि बार एक दिवस बंद राहिले. बारमध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलेला, परवाना शुल्क वाढलेले आणि त्यावर ही शुल्कवाढ, असा तिहेरी बोजा कसा पेलायचा, हा त्यांचा प्रश्न होता. बार बंद पडले तर वेटर, आचारी, भांडी घासणारी पोरे कुठे जाणार, असेही त्यांनी विचारले. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. बारमधील पेला महागला की गिऱ्हाईक पिणे सोडतेच असे नाही. ते दुकानातून बाटली घेते आणि गच्चीवर, गाडीत किंवा घरातच बसते. नियमाने चालणारा धंदा रिकामा होतो आणि पिणे मुलाबाळांच्या देखत येते.

राजकारण्यांनी या वाढीचा संबंध 'लाडकी बहीण' योजनेशी जोडला. बहिणीच्या खात्यात घालण्यासाठी भावाच्या खिशातून काढायचे, ही टीका सभांतून आणि विधिमंडळाबाहेर वारंवार ऐकू आली. पापभीरू मध्यमवर्गाची प्रतिक्रिया सर्वांत सोपी होती : बरे झाले, आणखी महाग करा. आणि खुद्द पिणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे विनोदाचा आश्रय घेतला. राज्याचा गाडा आमच्याच खांद्यावर चालतो, मग आम्हाला थोडा मान तरी द्या, असा त्या विनोदांचा सूर होता.

विनोद बाजूला ठेवला तर त्यात एक कटू सत्य आहे.

तिजोरीचा धर्म

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदाच लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे दारू पिण्यासाठी परवाना लागतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. कागदावर पाहिले तर आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो. व्यवहारात मात्र या बंदीच्या कायद्याखाली दिले जाणारे परवाने आणि वसूल होणारे शुल्क हा राज्याचा एक मोठा आधारस्तंभ झाला आहे.

याला कारण आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या हातून विक्रीकराचा बराच मोठा भाग निसटला. पिण्याचे मद्य आणि पेट्रोल-डिझेल मात्र त्या करातून बाहेर राहिले. मुद्रांक शुल्कासारखी एकदोन साधने वगळली तर, स्वतःच्या मर्जीने कर वाढवायचा म्हटले की अर्थमंत्र्याचा हात आपोआप बाटलीकडे जातो. पेट्रोलवर कर वाढवला तर जो तो ओरडतो. दारूवर वाढवला तर ओरडणाऱ्याला आधी आजूबाजूला पाहावे लागते. राजकीयदृष्ट्या इतका सोयीचा कर दुसरा नाही. २०२५ च्या निर्णयाच्या वेळी अर्थ आणि उत्पादन शुल्क ही दोन्ही खाती अजित पवार या एकाच मंत्र्याकडे होती. व्यक्ती कोणीही असो, ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली आहे त्यानेच बाटलीवर लगाम घालायचा, ही व्यवस्थाच मुळात अवघड आहे.

तिजोरीचा हा धर्म किती लवचिक असतो याचे उदाहरण फार जुने नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या सरकारने आयात केलेल्या स्कॉच व्हिस्कीवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. शुल्क कमी केले की तस्करी थांबेल, विक्री वाढेल आणि १०० कोटींचा महसूल २५० कोटींवर जाईल, असे तेव्हा सांगण्यात आले. साडेतीन वर्षांनी दुसऱ्या सरकारने रम-व्हिस्कीवरील शुल्क दीडपट केले, तेही महसूल वाढेल म्हणूनच. पक्ष बदलले, युक्तिवाद उलटा झाला, उद्दिष्ट तेच राहिले. दोन्ही वेळा जो आकडा ठळकपणे पुढे आला तो रुपयांचा होता. किती माणसे कमी पितील, किती घरे सावरतील, असा अंदाज कोणी मांडला नाही.

लाडकी बहीण योजनेवरून झालेल्या टीकेबद्दलही नेमके बोलायला हवे. अमुक कराचा पैसा तमुक योजनेला, असा हिशेब सरकारी तिजोरीत सहसा नसतो. सगळे पाणी एकाच विहिरीत पडते. त्यामुळे दारूच्या पैशावर बहिणींना भाऊबीज मिळते, हे म्हणणे शब्दशः खरे नाही. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपये धरले होते आणि त्याच वर्षी १४ हजार कोटींची नवी वाट शोधावी लागली, हे दोन आकडे शेजारी ठेवले तर निकड कशाची होती हे समजायला अर्थतज्ज्ञ व्हावे लागत नाही.

एका क्वार्टरचा हिशेब

आता जरा मंत्रालयातून खाली उतरू आणि एखाद्या गवंड्याच्या, रिक्षाचालकाच्या किंवा हमालाच्या घरात हा निर्णय कसा पोहोचतो ते पाहू. रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेणारा माणूस घ्या. पूर्वी साध्या विदेशी दारूची क्वार्टर १२०-१३० रुपयांच्या घरात होती. १२५ धरले तर महिन्याला ३ हजार ७५० रुपये झाले. २०५ च्या भावाने तीच सवय ६ हजार १५० रुपयांना पडते. म्हणजे महिन्याला २ हजार ४०० रुपये जास्त. जुलै २०२४ पासूनच्या योजनेत त्याच्या बायकोच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये धरलेले होते. एका हाताने दिलेले दीड हजार आणि दुसऱ्या हाताने घेतलेले चोवीसशे, असा हा सरळ जमाखर्च आहे.

अर्थात माणूस यंत्र नाही. भाव वाढला की तो काहीतरी बदल करतो, आणि करवाढीचे सारे यशापयश तो काय बदलतो यावर अवलंबून असते. त्याच्यापुढे चार वाटा आहेत. पहिली वाट : खर्च तेवढाच ठेवायचा आणि पिणे कमी करायचे. जुन्या ३ हजार ७५० रुपयांत आता तीसऐवजी अठराच क्वार्टर येतात. सरकारला आणि समाजाला हवी असलेली वाट हीच. दुसरी : पिणे तेवढेच ठेवायचे आणि खर्च वाढवायचा. ही वाट ज्याचे व्यसन पक्के झाले आहे त्याची. तो मुलाच्या शिकवणीचे, किराणावाल्याचे, शेवटी बायकोच्या डब्यातले पैसे काढतो. ते मिळाले नाहीत की हात उगारतो. तिसरी वाट : एक पायरी खाली उतरायचे. आणि चौथी : पायऱ्यांवरूनच खाली उडी मारायची, म्हणजे हातभट्टीकडे जायचे.

तिसऱ्या वाटेकडे नीट पाहिले म्हणजे या करवाढीतील खोच दिसते. विदेशी दारूवरील शुल्काचा दर निम्म्याने वाढला. देशीवरील शुल्क १८० चे २०५ झाले, म्हणजे जेमतेम १४ टक्क्यांनी. पूर्वी साध्या विदेशीची आणि देशीची क्वार्टर यांच्या भावात जेवढे अंतर होते त्याहून आता कितीतरी अधिक झाले. रोज देशीची एक क्वार्टर घेतली तर महिन्याला २ हजार ४०० रुपये लागतात, म्हणजे त्या माणसाच्या जुन्या विदेशीपेक्षाही साडेतेराशे रुपये कमी. दारू महाग करताना दारूच्या दुकानातच स्वस्ताईचा दरवाजा किलकिला ठेवला गेला. मध्ये १४८ रुपयांची नवी पायरी बांधली ती वेगळीच. ज्याला सोडायचे आहे त्याला हा कर मदत करील. ज्याला सोडायचे नाही त्याला हा कर फक्त बाटली बदलायला सांगतो.

देशी महाग केली तर गरीब हातभट्टीकडे वळेल, ही भीती या सवलतीमागे असते, आणि ती अगदीच निराधार नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलमिश्रित दारू पिऊन मेलेली ती बहुतेक हातावर पोट असणारी माणसे होती. पण हातभट्टी चालते ती केवळ भावामुळे नव्हे. कोणाच्या तरी डोळेझाकीमुळे ती चालते. पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याने आपले काम करायचे नाही आणि त्याची किंमत म्हणून दारू स्वस्त ठेवायची, हा तर्क कुंपणाने शेत खाल्ले म्हणून पेरणीच बंद करण्यासारखा आहे.

लंडनची जिन, आंध्रची क्वार्टर

एकदम मोठा कर लादला की लोक कसे उत्तर देतात याचा धडा जगाने फार पूर्वी घेतला आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिनने थैमान घातले होते. १७३६ मध्ये ब्रिटिश संसदेने जिनच्या किरकोळ विक्रीवर गॅलनला २० शिलिंग कर आणि विक्रेत्याला वर्षाला ५० पौंडांचा परवाना लावला. त्या काळात ही रक्कम लहान दुकानदाराला परवडणारी नव्हतीच. परिणाम असा झाला की परवाना घेणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले, जिन चोरून विकली जाऊ लागली आणि विक्रेत्यांची खबर देणाऱ्यांना जमावाने बडवून काढले. सात वर्षांत, १७४३ मध्ये, तो कायदा मागे घ्यावा लागला. पुढे १७५१ मध्ये अधिक माफक आणि अंमलात आणता येईल असा कायदा केला.

आंध्र प्रदेशातील उदाहरण तर कालपरवाचे. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावातून बायकांनी अरक, म्हणजे तिथली गावठी दारू, बंद पाडण्याची चळवळ उभारली. ती राज्यभर पसरली आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती दोन वर्षांत, १९९७ मध्ये उठली, कारण तिजोरी. पुढे २०१९ मध्ये आलेल्या सरकारने दुकाने स्वतःकडे घेतली, आणि मे २०२० मध्ये दोन दिवसांत भाव ७५ टक्क्यांनी वाढवले. लोकांनी प्यायचे कमी करावे म्हणून ही वाढ असल्याचे सांगितले गेले. लोकांचा राग साचत गेला तो भावावर आणि मिळणाऱ्या मालाच्या दर्जावरही. २०२४ च्या निवडणुकीत चंद्राबाबू नायडू यांनी चांगली आणि स्वस्त दारू देण्याचे आश्वासन उघडपणे दिले. सत्ता आल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९९ रुपयांची क्वार्टर दुकानांत आली. ज्या राज्यातल्या बायकांनी दारूचे गुत्ते फोडले, त्याच राज्यात स्वस्त दारू हा निवडणुकीतला मुद्दा ठरला. करवाढीमागचा हेतू लोकांना पटला नाही की ती टिकत नाही, हा याचा बोध.

मग महाग करावी की नाही?

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, की मग कर वाढवूच नये काय? तसे मुळीच नाही. भाव वाढला की एकूण पिणे कमी होते, हे अनेक देशांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटना मद्यावरील करवाढ हा सर्वांत परिणामकारक आणि स्वस्त उपायांपैकी एक मानते. तंबाखू, मद्य आणि साखरयुक्त पेयांच्या खऱ्या किमती २०३५ पर्यंत निदान ५० टक्क्यांनी वाढवाव्यात, असे आवाहन तिने जुलै २०२५ मध्येच केले. विशेषतः तरुण, नव्याने पिऊ लागलेला माणूस भावाला लवकर जुमानतो. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी सुमारे एकोणीस मद्य घेतात. उरलेल्या एक्याऐंशींना तिकडे जाण्यापासून रोखणे, हे करवाढीचे सर्वांत मोठे काम आहे.

पण औषध योग्य असले तरी मात्रा आणि पथ्य सांभाळावे लागते. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून मद्यातील अल्कोहोलच्या प्रमाणावर किमान किंमत ठरवली. ही करवाढ नव्हती, पण तत्त्व तेच. तेथे लेबल पाहिले गेले नाही. बाटलीत अल्कोहोल जितके जास्त, तितकी किमान किंमत जास्त. त्यामुळे खालच्या पायरीवर उतरण्याची सोयच उरली नाही. २०२३ च्या सरकारी मूल्यमापनात केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू १३ टक्क्यांहून अधिक घटल्याचा निष्कर्ष निघाला. याच अभ्यासाने एक इशाराही दिला : पूर्ण आहारी गेलेल्या आणि गरीब असलेल्या काही माणसांनी पिणे कमी न करता जेवणावरचा खर्च कमी केला. आमच्या गवंड्याची दुसरी वाट हीच. ती स्कॉटलंडमध्येही आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे त्या माणसाच्या ताटाबरोबर चार आणखी ताटे असतात.

म्हणून करवाढीबरोबर तीन गोष्टी केल्याशिवाय आरोग्याचे नाव घेण्याचा अधिकार सरकारला पोहोचत नाही. पहिली : कर अल्कोहोलच्या प्रमाणावर असावा आणि देशी, महाराष्ट्र मेड, विदेशी यांच्या पायऱ्यांतील अंतर कमी होत जावे. वर्षानुवर्षे झोपून तिपटीचे एकदम साडेचारपट करण्यापेक्षा दरवर्षी महागाईच्या थोडी पुढे राहील अशी वाढ करावी. ती अंगवळणी पडते आणि तस्करालाही एकदम घबाड मिळत नाही. शेजारच्या गोव्यात दारू स्वस्त असताना ही सावधगिरी अधिकच हवी.

दुसरी गोष्ट : वाढीव उत्पन्नाचा ठरावीक वाटा व्यसनमुक्तीसाठी कायद्याने बाजूला काढावा. थायलंडने २००१ मध्ये मद्य आणि तंबाखूच्या उत्पादन शुल्कावर २ टक्के अधिभार लावून त्यातून स्वतंत्र आरोग्य निधी उभारला आहे. १४ हजार कोटींचे २ टक्के म्हणजे २८० कोटी रुपये होतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले, गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' गावोगाव पोहोचला. या कामांनी वाट दाखवली आहे. पण एखाद्या आडवळणाच्या तालुक्यातील बाईने नवऱ्याला सोडवण्यासाठी कुठे न्यायचे, याचे उत्तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळाले पाहिजे. सोडण्याची सोय न करता फक्त भाव वाढवणे म्हणजे नुसता दंड झाला, आणि तो पिणाऱ्याबरोबर न पिणाऱ्यांनाही बसतो.

तिसरी गोष्ट बायकांच्या शब्दाची. महाराष्ट्रात दारूविरुद्ध बोलण्याची परंपरा मोठी आहे. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या दारू दुकानांना विरोध केला. लोकमान्य टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शने घडवली. पुढच्या काळात ही लढाई खेड्यापाड्यांतल्या बायकांनी चालवली. बाटली उभी की आडवी, हे मतदानाने ठरवण्याचा हक्क त्यांनी मिळवला. चंद्रपूर जिल्ह्यातील बायकांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये तेथे दारूबंदी झाली. २०२१ मध्ये ती उठवताना अवैध दारू आणि बुडणारा महसूल यांची चर्चा झाली. ज्यांनी बंदी मागितली होती त्या बायकांचे म्हणणे त्या चर्चेत क्षीण होते. २०२५ च्या करवाढीतही तेच घडले. उद्योगाची बाजू मांडायला उद्योग होता, बारमालकांची मांडायला संघटना होती, तिजोरीची मांडायला मंत्री होते. संध्याकाळी दाराकडे पाहत बसणाऱ्या बाईची बाजू मांडायला तीच एकटी होती, आणि तिला कोणी विचारले नाही.

दारू महाग झाल्याचे दुःख कोणी करू नये. पण ती महाग झाली म्हणून समाधान मानण्याआधी वाढलेले पैसे कुठून आले, हे विचारावे. ते पिणाऱ्याच्या हौसेतून आले असतील तर कर योग्य जागी बसला. ते पोराच्या दुधातून आले असतील, तर राज्याने व्यसनावर कर न बसवता त्या व्यसनाच्या बळींवर बसवला असे म्हणावे लागेल. पुढच्या वेळी मद्यावरील कर वाढेल, आणि तो वाढणारच, तेव्हा तिजोरीत किती कोटी येतील या आकड्याशेजारी आणखी एक आकडा जाहीर व्हावा : या राज्यात वर्षभरात दारू किती कमी झाली. तो आकडा सांगण्याची सरकारची तयारी असेल तर बारमालकांच्या बंदकडे खुशाल दुर्लक्ष करावे. नसेल, तर ही करवाढ आरोग्यासाठी होती, असे निदान त्या बाईला तरी कोणी सांगू नये.